थरथरीचा माग: म्हसा ते पडघा, दोन फेऱ्या

प्रवासावर लिहिणारी माणसं लांब जातात. बर्फ बघतात, समुद्र ओलांडतात, परत आल्यावर फोटो दाखवतात. मी गेले ती वाट आमच्या घरामागून सुरू होते: म्हसा, मुरबाड, किन्हवली, सापगाव, शहापूर, आसनगाव आणि तिथून हायवेनं पडघा. ती वाट मी दोनदा केली, तीही ट्रकच्या केबिनमध्ये. रोज हजारो माणसं जातात त्या रस्त्यानं. पण ट्रकच्या डाव्या सीटवरून, मांडीवर वही आणि समोर पाण्याचा पेला ठेवून तो रस्ता कुणी बघितला असेल असं मला वाटत नाही. म्हणून लिहिते.

आधी माझ्याबद्दल. मी बी.एस्सी. आहे, भौतिकशास्त्र घेऊन. आमच्या वाडीत माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलेलं नव्हतं. हे सांगितलं की काहींना बढाई वाटते. वाटू दे. सध्या मी एका आश्रमशाळेत विज्ञान शिकवते. माझा मोठा भाऊ, यशवंतदादा, नववीपर्यंत शिकला आणि मग माझ्या फीसाठी क्लीनर झाला. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवल्या आणि तीन वर्षांपूर्वी स्वतःची जुनी सहाचाकी घेतली. तिच्यातून तो गवताच्या गाठी तबेल्यांना पोचवतो.

त्या गाडीला पावसाळा संपल्यापासून थरथर लागली होती. रोज नाही, कधीतरीच. साठच्या पुढं काटा गेला की स्टिअरिंग हातात नाचायला लागायचं, आणि चार दिवसांनी आपोआप थांबायचं. शहापूरच्या एका मिस्त्रीकडं दादा तीनदा गेला. दर वेळी मिस्त्री गाडी धुवून आणायला सांगायचा, मगच हात लावायचा. एकदा त्यानं जॉइंटचा क्रॉस बदलला, एकदा बेअरिंग, एकदा अलाइनमेंट केली. दर वेळी गाडी लोण्यासारखी चालली आणि महिनाभरानं पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मिस्त्री स्वतः हायवेला चालवून आला, किल्ली परत देत हसून म्हणाला, "गाडीत काय नाय, शेठ. तुमच्या हातात असंल."

तो सहज बोलून गेला. त्याला काय माहीत आमच्या घरचं. आमचे बाबा वीटभट्टीवर साचे मारायचे. दादाच्या आताच्या वयाचे असताना त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी कधीकधी, मग रोज. साचा हातातून पडायला लागला तेव्हा मुकादमानं त्यांना घरी बसवलं. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. आता ते चहा बशीतून नाही, खाली ठेवलेल्या वाटीला तोंड लावून पितात.

म्हणून दादानं मिस्त्रीचं बोलणं मनात ठेवलं, आणि घरात कुणाला न सांगता, गाडी विकायची म्हणून भिवंडीकडच्या एका माणसाला ती बघायला बोलावलं, सोमवारी. मला वहिनीनं फोन केला तो गुरुवारी. शाळेला स्नेहसंमेलनानंतरची सुट्टी होती. मी पिशवी भरली आणि गेले.

म्हसा

जत्रा उठत आली होती. पौष पौर्णिमेला भरलेली, आता अमावस्या तोंडावर आली तरी तिचा वास हवेत होताच: शेण, वैरण, तळलेली जिलेबी. पाळणेवाले लोखंड सोडवत होते. उरलेसुरले बैल खुंट्याला उभे होते आणि त्यांचे मालक किंमत पाडून विकण्यापेक्षा परत न्यायच्या गोष्टी करत होते. विकायला आणलेलं जनावर परत नेताना माणूस त्याच्याशी जास्त बोलतो, हे मी तिथं बघितलं.

दादा गाडीजवळच होता. मला बघून म्हणाला, "काय गो मास्तरीण, तपासणीला आलीस?"

मी हो म्हटलं. सोमवारच्या आधी दोन फेऱ्या आहेत, त्या मी तुझ्याबरोबर करणार, आणि काय हलतं ते लिहून काढणार, असं सांगितलं. डॉक्टरकडं जाऊ असंही म्हणून बघितलं. त्यावर त्यानं नुसतं टायरला लाथ मारली. डॉक्टरनं बाबांना सांगितलं तेच मला सांगंल, मग ते ऐकून मी गाडी कशी चालवू, असं त्याचं म्हणणं. तोल जाईपर्यंत चालवून कुणाच्या अंगावर घालण्यापेक्षा आधीच सोडलेली बरी. मी एवढंच म्हटलं की आधी कोण हलतंय ते तरी ठरवू.

किन्हवलीची वखार

शुक्रवारी पहाटे रिकामी गाडी निघाली. मुरबाड, मग सरळगाव, तिथून किन्हवली. भाताची शेतं कापून झालेली, खुंटांच्या मधून वालाचं हिरवं पसरलेलं. वाल आमच्याकडं दव पिऊन वाढतो, पाणी द्यावं लागत नाही. थंडीत काचेवर श्वास बसत होता आणि दादा तो जुन्या बनियननं पुसत होता.

रस्ता असा की चाळीसच्या वर काटा जातच नाही. म्हणून मी पेला काढला नाही. त्याऐवजी त्याला विचारत बसले, थरथर नेमकी कधी कधी आली. तो तारखा लक्षात ठेवणारा नव्हे. पण सण ठेवतो. पहिली, सर्वपित्री झाली त्याच्या मागं. दुसरी, दिवाळीत, लक्ष्मीपूजन झालं त्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. मग देवदिवाळीला, मार्गशीर्ष लागला तेव्हा. मग परत एकदा, महिन्याभरानं.

मी वहीत लिहीत गेले आणि म्हटलं, "दादा, या सगळ्या अमावस्या आहेत."

"मंग? मला काय ते माहीत नाय? अमावस्याच लागते तिला. म्हणून तर मी दर टायमाला तिची पूजा जास्तच करतो. दोन नारळ फोडतो आताशा."

मी हसले. चूक केली. कॉलेजात शिकवतात की निरीक्षण आधी आणि मत नंतर, आणि मी समोर आलेलं निरीक्षण फक्त ते अमावस्येचं होतं म्हणून हसण्यावारी नेलं.

वखारीत गाठी भरायला दोन तास गेले. गाठ म्हणजे यंत्रानं दाबलेलं वाळकं गवत, तारेनं बांधलेलं; चार माणसं आकड्यांनी ती अशी वर फेकतात की जणू उशा. वखारवाल्याच्या घरून तुरीच्या उकडलेल्या शेंगा आल्या. मीठ घालून मडक्यात उकडलेल्या, गरम, सोलताना बोटांना चटका देणाऱ्या. आमच्याकडं त्या पाटावर बसून खातात, इथं गवताच्या गंजीवर. मी पोटभर खाल्ल्या. दादानं मूठभर घेऊन खिशात टाकल्या. कालपासून मी बघत होते, तो समोर बसून काही खात नव्हता. घास तोंडाकडं नेताना हात दिसतो ना.

पडघ्याहून परत, शुक्रवार

जाताना गाडी भरलेली, उंच. पंचेचाळीसच्या वर दादा नेत नाही. सापगावच्या पुलावरून भातसा ओलांडली, शहापुरातून आसनगावला हायवेला लागलो. उजवीकडं मागं माहुलीचे सुळके उन्हात आले होते. पडघ्याच्या अलीकडं भट्ट्यांचे धूर दिसले. त्यातल्याच एका भट्टीवर आम्ही सगळे राहायचो, दिवाळीनंतर ते आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत. मी चिखल मळायचे, दादा विटा उलटायचा, बाबा साचे मारायचे. शाळा त्या काळात माझ्यासाठी गावाला असायची आणि मी इथं.

तबेल्यात माल उतरला. परत निघालो तेव्हा गाडी रिकामी, रस्ता मोकळा. मी पेला काढला. स्टीलचा, अर्धा पाण्यानं भरलेला. केबिनच्या मधोमध इंजिनावर जे झाकण असतं, ज्याला सगळे बॉनेटच म्हणतात, त्यावर ओलं फडकं घालून तो ठेवला. इंजिन चालू असलं की पाण्यावर बारीक शहारा कायम असतो, दुधावर साय धरताना दिसतो तसा. तो मी हिशेबात धरला नाही. मला हवी होती ती दुसरी हालचाल, चाकाबरोबर येणारी, हेलकाव्याची. विचार साधा होता. गाडी हलली तर पाणी हलेल. पाणी हललं नाही आणि हात हलले, तर गाडी नाही.

पन्नास. पंचावन्न. साठ.

"आली बघ," दादा म्हणाला.

मी त्याच्या हातांकडं बघितलं. मनगटापासून कोपरापर्यंत शिरा वर आलेल्या, आणि हात थरथरत होते. मग पेल्याकडं बघितलं. पाण्यावर तोच बारीक शहारा. बाकी काही नाही. बासष्ट, पासष्ट. पाणी स्थिर.

मी वहीत लिहिलं: पाणी स्थिर, हात नाही. आणि वही मिटली.

वाशिंदच्या पुढं त्यानं चहाला गाडी थांबवली. मी हातात ग्लास धरून रस्त्याकडं बघत राहिले. त्यानं विचारलं, पाणी हललं का. मी म्हटलं, थोडं हललं.

"खोटं बोलू नको, बाय. शिकलेली हायस ना."

मग मी खरं सांगितलं. त्यानं मान हलवली. चहा त्यानं टेबलावर ठेवला होता. तो त्यानं उचललाच नाही. वाकून, दोन्ही कोपरं टेबलाला टेकवून, ग्लासाला तोंड लावून प्यायला.

नदी, शनिवार

अमावस्येला आमच्याकडं गाडी बाहेर काढत नाहीत. गाडीचं न्हाणं असतं. नदीत चाकं बुडेपर्यंत गाडी उभी करायची, नारळाच्या काथ्यानं घासायची, जुनी लिंबू-मिरची सोडून नवी बांधायची, हार, उदबत्ती, नारळ. बैल होते तेव्हा बैलांना असंच नदीत घालायचे. बैल गेले, ट्रक आले, न्हाणं तसंच राहिलं. मला ते आवडतं. मी भौतिकशास्त्र शिकले म्हणून गाडी धुतलेली वाईट वाटावी असं काही नाही.

दादा सकाळीच उतरला. आमच्या वेळी इथं तळाला कातळ होता, पाय टाकला की घट्ट. यंदा खाली नवा बंधारा झाल्यामुळं पाणी अडलंय, आणि कातळाच्या जागी गाळ. मी घोट्यापर्यंत उतरले तर चप्पल आतच राहिली. काळा, चिकट, लोण्यासारखा गाळ. हातानं चप्पल ओढून काढावी लागली आणि दादा मी आल्यापासून पहिल्यांदा हसला.

दोन तास गाडी पाण्यात होती. पुढची चाकं अर्धी गाळात. त्यानं तिला एवढं निगुतीनं घासलं की मला बघवेना. आरशाच्या मागची धूळ बोटाला फडकं गुंडाळून काढली. सोमवारी तिला बघायला येणार होते. मला म्हशाच्या जत्रेतले खुंट्यावरचे बैल आठवले, आणि त्यांच्याशी बोलणारे मालक.

संध्याकाळी गाडी दारात उभी. वहिनीनं ओवाळली. बाबा ओट्यावर बसून बघत होते. रात्री तांदळाची भाकर, वालाचं बिरडं आणि सुकट. दादानं ताट आत मागून घेतलं.

पडघ्याहून परत, रविवार

सगळं शुक्रवारसारखंच. वखार, गाठी, सापगावचा पूल, भरलेल्या गाडीची पंचेचाळीसची चाल. मी पेला काढायचाच नाही असं ठरवलं होतं. काय मोजायचं राहिलं होतं? पण तबेल्यातून निघाल्यावर दादानंच पिशवीकडं हनुवटी केली. "ठेव तो. शेवटचं बघू."

फडकं, पेला, पाणी. पन्नास. पंचावन्न.

अठ्ठावन्नला पाण्यानं एक बाजू धरली. साठला पाणी पेल्याच्या काठावर चढलं आणि बासष्टला उडून माझ्या मांडीवर आलं. वही भिजली. समोरच्या काचेतली लिंबू-मिरची नाचत होती, देवाचा फोटो डॅशबोर्डवर टकटक करत होता.

मी हसायला लागले. मला आवरेना.

"हसतंस काय? मराया लागलो आपण!"

"पाणी हललं, दादा. पाणी हललं. हात सैल सोड."

त्याला कळायला वेळ लागला. मग त्यानं बोटं उघडली आणि दोन्ही तळवे स्टिअरिंगवर नुसते टेकवले. स्टिअरिंग आपलं आपण थरथरत होतं, डावी-उजवी, डावी-उजवी, एका लयीत. त्याचे हात त्याच्यावर होते, पाण्यावर पडलेल्या पानासारखे. त्यानं वेग पन्नासवर आणला. स्टिअरिंग थांबलं. हातही थांबले.

त्यानं पुन्हा एकदा तळवे नुसते टेकवून बघितले. मग म्हणाला, "शुक्रवारी मंग काय होतं?"

शुक्रवारी तू धरलं होतंस, मी म्हटलं. एवढं आवळून धरलं होतंस की हातच थरथरले. भरलेली घागर हात लांब करून दोन मिनिटं धर, कुणाचाही थरथरेल.

कोण हलतंय ते कळलं होतं, का हलतंय ते कळायचं होतं. दादाचा पहिला विचार मिस्त्रीचा. रविवार असला तरी उठवू, आधी वाटेत धुवून घेऊ. आणि तो 'धुवून घेऊ' म्हणाला तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी लागलं. दर वेळी गाडी धुवून मिस्त्रीकडं, आणि दर वेळी मिस्त्रीला काही सापडत नाही. प्रयोगशाळेत आमच्या बाई ओरडायच्या, परीक्षानळी बघायच्या आधी धुतली कुणी म्हणून.

"धुवायची नाही," मी म्हटलं. "जशी आहे तशी कुणाला तरी दाखवू."

आसनगाव

आसनगावच्या अलीकडं हायवेच्या कडेला एक पंक्चरवाला आहे. केरळचा माणूस, तीस वर्षं इथं. सगळे त्याला अण्णा म्हणतात आणि तो सगळ्यांना शेठ म्हणतो, ज्यांची गाडी बंद पडलीय त्यांनाही. त्याचं मराठी आमच्याइतकंच आमच्याकडचं, फक्त शब्द जरा उडवून टाकल्यासारखे येतात. दादानं त्याला सगळी हकिगत सांगितली, अमावस्येसकट. मला वाटलं हा हसेल. तो हसला नाही. शुक्रवारी मी हसले होते, ते आठवून मला लाज वाटली.

अण्णानं पुढचं डावं चाक जॅकवर उचललं, ब्रेक जरा सैल केला आणि चाक हातानं फिरवलं. चाक फिरलं, हळू झालं, थांबलं, थोडं मागं आलं आणि स्थिर झालं. पुन्हा फिरवलं. पुन्हा तसंच. माझ्या पर्समध्ये खडू कायम असतो. मी टायरवर खाली आलेल्या जागी रेघ मारली. तिसऱ्यांदा चाक थांबलं तेव्हा रेघ खालीच. चौथ्यांदाही खालीच.

"एक बाजू जड हाय," अण्णा म्हणाला. त्यानं चाकाच्या मागं हात घातला, आतल्या बाजूनं, जिथं उभ्या माणसाला दिसत नाही. चाचपलं आणि थांबला.

"शेठ, इथं कुंभारणीनं घर केलंय."

कुंभारीण म्हणजे भिंतीच्या कोपऱ्यात मातीचं घर बांधणारी माशी. त्यानं टॉमी, म्हणजे चाक सोडवायची लोखंडी कांब, आत घातली, दोन ठोके दिले, आणि रिमच्या आतून एक तुकडा निघाला. वितीपेक्षा लांब, रिमच्या गोलाईसारखा वाकलेला, काळा, कडक. आपटला तर टणकन वाजला. त्यामागून दुसरा, तसाच. उजव्या चाकात एक लहान.

"नदीत घालता काय गाडी?"

दादानं हो म्हटलं.

"गाळात उभी करता?"

दादा माझ्याकडं बघायला लागला. मी त्या तुकड्याकडं. सगळं एका क्षणात ओळीला लागलं. चाक गाळात उभं, रिमची आतली बाजू परातीसारखी, गाळ तिच्या तळाला बसतो. गाडी बाहेर येते आणि दारात रात्रभर जागची हलत नाही, कारण अमावस्या. गाळ तिथंच वाळतो, एकाच बाजूला. दुसऱ्या दिवशी गाडी हायवेला जाते. चार दिवस हादरे खाऊन तो तुकडा गळून पडतो, नाहीतर मिस्त्रीकडं न्यायच्या आधी धुताना निघून जातो. मग दादा घाबरतो, आणि पुढच्या अमावस्येला तिला जास्त वेळ नदीत उभी करतो. दोन नारळ फोडायला जास्त वेळ लागतोच.

दादाला मी गोफणीचं सांगितलं. गोफणीत दगड घालून फिरवली की ती हात ओढते. दगड तेवढाच, पण जोरात फिरवशील तितकी जास्त ओढते. चाकात तो दगड बसला होता. हळू असताना कळत नाही. साठला गाडीच्या स्वतःच्या झोक्याला आणि त्या ओढीला एकच ताल मिळतो, झोपाळ्याला बरोबर वेळेला धक्का दिल्यासारखा. वर्गात हे मी पाच वर्षं शिकवतेय. आमच्याच दारात उभं असताना मला ओळखू आलं नाही, हे मी इथं लिहून ठेवते.

"म्हंजे अमावस्याच होती," दादा म्हणाला.

"होती," मी म्हटलं. "तू बरोबर होतास." हे मला म्हणावंच लागलं.

अण्णा तोवर चारी बाजूंनी रिम घासून काढत होता. मागची चाकंही त्यानं बघितली. म्हणाला, भाताच्या दिवसांत शेतातून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांना असं होतं, पण त्या कुठं साठनं जातात, म्हणून कुणाला कळत नाही. तुमच्या मिस्त्रीचा दोष नाय, त्याच्याकडं गाडी आंघोळ करून जायची.

आम्ही लगेच परत हायवेला निघालो. आसनगाव ते वाशिंद आणि उलट. मी पेला या वेळी काठोकाठ भरला. साठ, पासष्ट. सत्तरला दादानं स्वतःच माझ्याकडं न बघता विचारलं, काय म्हणतंय पाणी. पाण्यावर इंजिनाचा बारीक शहारा होता, बाकी सगळं जागच्या जागी. एक थेंब फडक्यावर नव्हता. त्याचे हात स्टिअरिंगवर सैल पडले होते, दोन बोटं तर नुसतीच टेकलेली. त्याच हातांनी मला सायकल शिकवली होती. तेव्हा मी घाबरून हँडल आवळायचे आणि तो ओरडायचा, सोड, सोड, ती आपली आपण जाते.

शहापुरात शिरल्याबरोबर त्यानं गाडी बाजूला घेतली आणि मिसळ सांगितली. दोन प्लेटा त्यानं एकट्यानं खाल्ल्या, माझ्यासमोर बसून, चमचा तोंडापर्यंत नेत. मधेच त्यानं उजवा हात टेबलाच्या वर धरला, बोटं पसरून, आणि आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत राहिलो. शेजारच्या बाकावरचा माणूसही बघायला लागला. हात तसाच होता. मग त्यानं त्याच हातानं तिसरा पाव मागितला.

घर

अंधार पडायच्या आत पोचलो. मी मातीचा मोठा तुकडा कागदात गुंडाळून आणला होता, शाळेत दाखवायला. बाबांनी विचारलं काय आहे. मी त्यांच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं.

त्यांचा हात थरथरत होता, नेहमीसारखा. त्यावर काही उपाय निघालेला नाही आणि या प्रवासानं तो बदललाही नाही. पण त्या हातानं त्यांनी तो तुकडा चाचपला, कड नखानं खरवडली, जिभेला लावून बघितली, वाजवून बघितला. असं ते भट्टीवर करायचे. मी लहान असताना त्यांच्याकडं दोन भट्ट्यांचे मुकादम माती दाखवायला यायचे, हे मी विसरले होते.

"डोहाची माती," ते म्हणाले. "भेग बघ, एक नाय पडली. ही साच्यात एक रात्र ठेवली की सुटत नाय, पाणी मारावं लागतं." मग दादाकडं बघून, "मला नाय विचारलंस रे. मी तुला दिवाळीतच सांगितलं असतं."

दादा बाबांच्या शेजारी ओट्यावर बसला. दोघांच्या मधे तो तुकडा होता.

सोमवारी सकाळी भिवंडीकडचा माणूस आला. दादानं त्याला चहा दिला, गाडी विकायची नाही म्हणून माफी मागितली. तो चिडला, एवढ्या लांबून बोलावलं म्हणून. गाडीला काहीतरी खोड आहे असं तूच फोनवर म्हणाला होतास, ती कुठं गेली, असं विचारायला लागला. दादानं ओट्यावरचा तुकडा आणून त्याच्या हातात ठेवला.

"ही घ्या. खोड तेवढीच होती. बाकीची गाडी माझी हाय."

पुढच्या अमावस्येला मी गेले होते. गाडी काठावर, कोरड्या कातळावर उभी होती, आणि दादा नदीतून बादलीनं पाणी आणून तिला घालत होता. सत्तावीस बादल्या झाल्या, मी मोजल्या. नारळ एकच फोडला. बाबा सावलीत खुर्ची टाकून बसले होते आणि दर बादलीला सांगत होते, चाकाच्या मागं हात घाल, आतून बघ, आतून.